चोरकळ

कॉफीचा घोट एवेलिओला आठवत होता. कागदी पेल्याची तळहाताला लागलेली ऊब, नुबियाचं काहीतरी खोडसाळ बोलणं, खिडकीबाहेर धुक्यात अर्धा बुडालेला डोंगर. आणि त्यानंतर एकदम हे उघडं दार. मधल्या वेळाचा पत्ताच नाही.

तो जाडीच्या कपाटासमोर उभा होता. कपाट म्हणजे पुरुषभर उंचीची राखी लोखंडी पेटी, आत स्विच, तारा आणि तांब्याच्या पट्ट्या. आणि जाडी म्हणजे भिंतीपलीकडचं चॉकलेट घोटायचं यंत्र, ज्याचं खरं नाव ह्या कारखान्यात कुणीच घेत नसे. जाडी फिरत होती. तिची घरघर फरशीतून त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चढत होती. म्हणजे वीज चालू होती. म्हणजे दारावरची लाल मूठ ‘चालू’वर होती, आणि मूठ चालूवर असताना हे दार उघडत नाही. उघडूच नये म्हणून तर ते तसं बनवलेलं असतं. मुठीपासून निघालेला दांडा आत मेन स्विचला जाऊन भिडतो, आणि स्विच चालू असेपर्यंत दाराची जीभ सुटत नाही, ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. तरी दार उघडं होतं आणि एवेलिओच्या उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. आता, ह्यालाही एक पळवाट ठेवलेली असते. मुठीच्या शेजारी, पितळेच्या लहानशा कड्यात, एक खाच असते. रंगाचा ओघळ म्हणून कुणी सोडून द्यावी इतकी क्षुल्लक. तिच्यात टोक घालून पाव वळसा दिला की यंत्र चालू असतानाही दार सुटतं. कधीकधी चालत्या यंत्राचंच दुखणं बघायचं असतं, तेवढ्यापुरती ती सोय. लोक तिला चोरकळ म्हणत. ती कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि फिरवायची परवानगी एकट्या एवेलिओला होती, कारण कारखान्यातलं विजेचं काम तोच बघायचा. म्हणजे दार त्यानेच उघडलं होतं. केव्हा? कशाला? आतल्या तांब्याच्या पट्ट्यांमधून तो संथ हुंकार येत होता, जो कानांपेक्षा दातांना जास्त कळतो. त्याचा डावा हात पट्ट्यांपासून वीतभर अंतरावर हवेत थांबला होता. मनगटावरचे केस उभे राहिले होते. विजेने की भीतीने, देव जाणे.

त्याने आधी हात मागे घेतला, मग पाऊल. दार लोटलं, जीभ खाचेत बसली, कट्ट असा आवाज झाला. इतका साधा, रोजचा आवाज, आणि त्याला एकदम रडू फुटेलसं वाटलं. मागे वळून पाहिलं. मार्गिकेत कुणी नव्हतं. घाम पुसायला रुमाल शोधताना शर्टाच्या खिशात काहीतरी टणक लागलं. पितळेची चकती. नाण्याएवढी, मध्ये भोक नाही, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेली. ही कुठली? त्याने ती उलटीपालटी केली, नाकाशी धरली. पितळेचा आंबूस वास, आणि त्यात किंचित कांद्याचा. छे. काही म्हणजे काही आठवेना. त्याने ती परत खिशात टाकली. एका सकाळी एवढं न आठवणं पुष्कळ झालं.

वर डोंगरात, जिथे तो जन्मला, तिथे ह्या गोष्टीला एक शब्द आहे. बोबेरा. म्हणजे खूळ. शहरातले डॉक्टर त्याला लांबलचक नाव देतात, पण गावात नुसतं ‘अमक्याला बोबेरा लागली’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. कुणी सांगे, पणजोबांच्याही आधीच्या कुणीतरी एका वाईट झाडाच्या सालीला हात लावला; कुणी म्हणे, चर्चमधली दानपेटी पळवली म्हणून पाद्र्याने घराण्याला शाप दिला. ती म्हातारपणी लागत नाही, ऐन उमेदीत लागते, हाच तर तिचा दुष्टपणा. चाळिशी उलटली की घरोघरी माणसं एकमेकांकडे चोरून बघू लागत: बीन्समध्ये मीठ दोनदा पडलं का, गाय सोडायची राहिली का, लेकीला बहिणीच्या नावाने हाक मारली का. एवेलिओच्या आईला, तुलियाला, लागली तेव्हा ती त्याच्या आजच्या वयाची होती. मग कधीतरी शहरातून डॉक्टर आले, सगळ्या नातलगांचं रक्त बाटल्यांत भरून घेऊन गेले. एवेलिओनेही बाही वर केली होती. निकाल कळायची सोय आहे का, हे त्याने विचारलं नाही. घरी बायको होती, लिहिया. आणि एक मुलगी होती, नुकती कॉलेजला जाऊ लागलेली, हसरी, वेंधळी. ती बसचा पास विसरली की लिहिया ओरडायची आणि एवेलिओ उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

आणि आज शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारी जाडी थांबवतात आणि ती खरवडून साफ करायला नुबिया तिच्या पोटात उतरते.

ह्या कामाची एक रीत होती. एवेलिओ मूठ बंदवर आणायचा. मुठीच्या भोकात नुबिया तिचं लाल कुलूप घालायची, तिच्या फोटोच्या पाटीसकट, आणि चावी झग्याच्या आतल्या खिशात टाकायची. त्याच्याशेजारी एवेलिओ स्वतःचं कुलूप लावायचा. मग तो जाडीचं हिरवं बटण मुद्दाम दाबून बघायचा, ती फिरत नाही ना म्हणून. मग नुबिया लाकडी खुरपणं घेऊन गोल झाकणातून आत उतरायची आणि भिंतींना चिकटलेलं चॉकलेट खरवडायची. आत पात्याच्या दोन धारा, तिच्या कमरेएवढ्या रुंद. जोवर तिचं कुलूप आहे तोवर जगात कुणालाही जाडी चालू करता येऊ नये, अशी ती सगळी योजना. इंजिनिअर नाही, मालक नाही, प्रत्यक्ष पोप नाही. फक्त कपाट जुनं होतं. नव्या कपाटांत मुठीला कुलूप पडलं की चोरकळही अडते. ह्यात अडत नसे. आणि एकदा दार उघडलं की मूठ दाराबरोबर बाहेर येते, आत उरतो नुसता दांडा, आणि तो पकडीने फिरवता येतो. मूठ बाहेर कुलपात, आणि आत स्विच चालू. हे वेड्यासारखं काम कोण करेल? ज्याला चोरकळ ठाऊक आहे, ज्याच्या हाताला ती फिरवायची सवय आहे, आणि ज्याला नुबिया आत आहे हे आठवत नाही, तो. एवढ्या सगळ्या बंदोबस्तात एकच भोक होतं आणि ते एवेलिओ होता. हा विचार त्याला इतका स्वच्छ सुचला की डोकं बिघडलं असेल असं वाटेना. पण आईलाही मधूनमधून सगळं स्वच्छ सुचायचं.

“बसली का?”

नुबिया. हातात बादली, केसांवर जाळीची टोपी, टोपीखाली भुवया नेहमीसारख्या टवाळ. मार्गिकेच्या वळणावर ती अशी अचानक उगवली की तो दचकला.

“कोण?” तो म्हणाला. मग त्याला वाटलं, जाडी बसली का, बंद पडली का, असं विचारतेय. “छे छे. चालू आहे की मस्त. ऐक ना घरघर.”

 नुबियाने बादली खाली ठेवली, त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि तिच्या भुवया हळूहळू खाली आल्या. “बरं,” ती म्हणाली. “जेवून घ्या वेळेवर. आणि दुपारी मी येईन तेव्हा इथेच असा. उगाच हिंडू नका.”

“मी काय लहान पोर आहे?”

“लहान पोर परवडलं. त्याच्या दप्तरावर निदान नाव तरी असतं,” ती म्हणाली आणि बादली उचलून गेली. नेहमी ती अशी बोलली की तो काहीतरी उलट टाकायचा.  आज तिच्या रबरी बुटांचा चटक्‌ चटक्‌ आवाज लांब जाईपर्यंत तो ऐकत राहिला. पंधराएक वर्षं ती त्या भोकात उतरत होती आणि एकदाही तिने वळून मुठीकडे पाहिलं नव्हतं. कुलूप लावायचं, गाणं म्हणत आत जायचं. आत गेल्यावर मात्र तिची एक खोड होती. मधूनमधून ती खुरपणं पत्र्यावर वाजवायची आणि ओरडायची, “आहात का?” आणि बाहेरून त्याने म्हणायचं, “आहे.” नाही म्हटलं तर ती आणखी जोराने वाजवायची. सुरुवातीला त्याला हे पोरकट वाटायचं. मग त्याच्या लक्षात आलं की ह्या हाकेची त्याला लहानपणापासून सवय आहे.

जेवणाची सुट्टी झाली. एवेलिओ मागच्या अंगणात, कोकोच्या पोत्यांच्या सावलीत डबा उघडून बसला. भात, बीन्स, तळलेलं केळं, लिहियाने फडक्यात गुंडाळलेली आरेपा, म्हणजे मक्याची जाडसर भाकरी. भट्टीकडून भाजलेल्या कोकोचा वास येत होता, किंचित कडवट, किंचित आंबट. बाहेरच्या माणसाला वाटतं की चॉकलेटच्या कारखान्यात गोड वास येत असेल. ह्या वासात कितीतरी वर्षं गेली होती आणि तो त्याला आता येतच नसे, पण आज येत होता. त्याला वाटलं, सगळं आजच नीट बघून घ्यावं. पोत्यांवरची निळी अक्षरं. भिंतीवरून उतरणारी मुंग्यांची ओळ. लिहियाने आरेपावर बोटाने दाबून केलेला खळगा, त्यात लोणी बसावं म्हणून. तो मनातल्या मनात परीक्षा घेऊ लागला: घरापासून इथपर्यंतचे बसथांबे. आले. बहिणींची नावं, थोरलीपासून. आली. मुलीच्या शाळेतल्या नाटकात ती काय झाली होती? खारूताई. तेही आलं. मग काल संध्याकाळी काय केलं? काल संध्याकाळी... स्वयंपाकघरातला दिवा आठवला, लिहिया कांदा चिरत होती, आणि ती काहीतरी ओरडली, टेबलावरून. काय ओरडली? कशावरून? तिथे मऊ, दुधाळ असं काहीतरी होतं, गावातल्या सकाळच्या धुक्यासारखं, ज्यात गोठा आहे हे माहीत असतं पण दिसत नाही. हात घालावा तर हाताला काही लागत नाही, आणि गंमत म्हणजे दुखतही नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

आईलाही दुखत नव्हतं. ती नुसती निघायची. पहाटे उठून, अनवाणी, शाल घेऊन, माहेरच्या वाटेने, जे घर कधीच पडून गेलं होतं. दोनदा तिला दरीच्या कडेवरून परत आणलं, आणि मग थोरली बहीण म्हणाली की दाराला बाहेरून कडी पाहिजे. घरात हाताचं कसब एवेलिओचं. तेव्हा तो पोरसवदाच होता. त्याने लोहाराकडून पट्टी आणली, भोकं पाडली, कडी बसवली, ती अशी सफाईने की नुसतं दार लोटलं तरी आपोआप पडावी आणि आतून उघडू नये. आयुष्यात त्याने बसवलेली ती पहिली कडी. सगळ्यांनी वाहवा केली. आई दुपारभर त्या दारापाशी उभी राहायची, तळहाताने नाही, हाताच्या मागच्या बाजूने फळी चाचपत, जसं तापलेल्या तव्याला करतात तसं. पुढे विजेचं काम शिकताना उस्तादाने सांगितलं की शंका असेल तिथे हात उलटा लावायचा, म्हणजे झटका बसला तर मूठ तारेवर आवळली जात नाही, हात मागे फेकला जातो. तेव्हा एवेलिओला वाटलं होतं की हे तर मला येतं. आई आतून ठोकायची. “आहे का कुणी?” आणि अंगणात जो असेल त्याने म्हणायचं, “आहे, आई.” तेवढ्यावर ती शांत व्हायची. कोण आहे हे ती विचारायची नाही, आपण बाहेर का नाही हेही नाही. कुणीतरी आहे, एवढं तिला पुरायचं. मग काही दिवसांनी पुन्हा ठोकायची. मग कमी कमी. एका पावसाळ्यात तिने विचारणं सोडून दिलं, आणि घरातल्या कुणालाच ते नेमकं कधी हे सांगता आलं नाही.

डबा धुवून तो वरच्या मजल्यावर इंजिनिअरच्या खोलीकडे निघाला. सांगून टाकायचं. साहेब, मला त्या कपाटाजवळ उभं करू नका. झालं, एक वाक्य. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्याने ते घोकलं आणि प्रत्येक पायरीवर त्याला त्याच्यापुढचंही दिसत गेलं. साहेब मान हलवतील, दयाळूपणे, आणि पाण्याचा पेला पुढे करतील. मग त्याची पकड, टेस्टर, कमरेचा पट्टा कुणीतरी मोजून घेईल. मग घर. मग लिहिया दाराला बाहेरून काय लावायचं ह्याचा विचार करील, लगेच नाही, पण करील. आणि ते बसवायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल. आणि मुलगी पुस्तकातून मान वर करून बापाकडे बघेल आणि त्याच्यात स्वतःला बघेल. हे शेवटचं त्याला सोसेना.

“काय एवेलिओ?” तरुण इंजिनिअर कागदांतून डोकं न काढता म्हणाला. “जाडीचं काय म्हणणं?”

“काही नाही साहेब,” एवेलिओ म्हणाला. “तेल बदलायला झालंय, एवढंच सांगायला आलो होतो.”

“बदला की मग.”

तो खाली आला. तेल मागच्याच महिन्यात बदललं होतं. आपण खोटं बोललो आणि ते खोटं आहे हे आपल्याला नीट आठवतंय, ह्याचं त्याला जिन्यात भलतंच समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची लगेच लाजही वाटली. अरे माणसा, खाली एक बाई तुझ्या भरवशावर पात्यांमध्ये उतरणार आहे, आणि तू स्मरणशक्तीची बक्षिसं काय वाटत बसलायस? खिशातली चकती बोटांना लागत होती. दिवसभर ती त्याने इतकी चाळवली होती की तिला अंगाची ऊब आली होती. थंड करायला म्हणून त्याने ती जिन्याच्या लोखंडी कठड्यावर ठेवली, आणि सोडून जाणार होता, पण दोन पायऱ्या उतरून परत वर गेला आणि घेऊन आला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

दुपारी जाडी थांबली. घरघर थांबली की ह्या भागात अशी शांतता होते की माणसं उगाचच हळू बोलू लागतात. नुबिया आली, खांद्यावर खुरपणं, बोटात कुलूप फिरवत. एवेलिओने मूठ बंदवर आणली. तिने कुलूप पुढे केलं. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ठरवायची वेळ आता संपली आहे, आता फक्त बोलायचं आहे किंवा नाही बोलायचं.

“नुबिया, थांब. आत जाऊ नकोस. मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“सांगा की. तुमच्या तोंडाला काय मी कुलूप लावलंय?”

तो हसला नाही. त्याने पाठ कपाटाला टेकवली आणि सगळं सांगून टाकलं. गाव, आई, कडी, बोबेरा. हा शब्द त्याने शहरात आल्यापासून कधी तोंडातून काढला नव्हता. तो बाहेर पडताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखा करकरला. सकाळचं उघडं दार सांगितलं, हवेत थांबलेला हात सांगितला. चोरकळ, दांडा, पकड, त्याला दिसलेलं ते एक भोक. “तू आत असताना मी बाहेर असणं धोक्याचं आहे,” तो म्हणाला. “तू आहेस हेच मी विसरलो तर? मला भीती वाटते, नुबिया. फार भीती वाटते.”

नुबियाने खुरपणं भिंतीला लावून ठेवलं. टोपीची जाळी सारखी केली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि त्याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

“मी? केव्हा?”

“मागच्या शुक्रवारी,” ती म्हणाली. “मी बाहेर आले, कुलूप काढलं, तेव्हा. असेच टेकून उभे होतात. आईचं सांगितलंत, तिच्या हाताचं. सगळं हेच. मीही तोच विनोद केला होता, कुलपाचा. तेव्हाही हसला नव्हतात.”

एवेलिओ बोटांवर मागचा शुक्रवार मोजू लागला.

“मी तेव्हाच वर जाणार होते साहेबांकडे. तुम्ही हात धरलात. म्हणालात, ते मीच सांगतो, मला माझ्या तोंडाने सांगू दे, एक आठवडा दे. आणि पुढच्या शुक्रवारच्या आत ती चोरकळ मी माझ्या हाताने बुजवतो. मी म्हटलं, ठीक आहे. पण तुम्ही विसरलात तर मी आत जाणार नाही, हेही सांगून ठेवलं.” ती जवळ आली आणि आवाज उतरवला. “आज सकाळी कॉफी घेताना तुम्ही चकती दाखवलीत मला. इतके खूश होतात. म्हणालात, काल स्वयंपाकघरात बसून घासली, लिहिया ओरडली टेबलाला चरे पडले म्हणून. बसते का बघून येतो म्हणालात आणि गेलात. आणि मग मार्गिकेत मी विचारलं, बसली का? तर म्हणे, घरघर ऐक.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती त्याच्यावर चिडलेलीही होती. “तेव्हाच मला कळलं हो, एवेलिओ. आता आत जाणार नव्हतेच मी, तुम्ही आपणहून सांगता का एवढंच बघत होते.”

त्याने खिशातून चकती काढली. वळून कपाटासमोर उभा राहिला, पितळेच्या कड्यावर ती धरली. चकती कड्यात बसली, कुठे केसाएवढी फट न ठेवता, नखाने सुद्धा निघू नये अशी. कडेला कानशीचे बारीक, एका दिशेने गेलेले फराटे होते. ते त्याचेच, दुसऱ्या कुणाचा हात असा चालत नाही. म्हणजे सकाळी तो इथे ह्याच्यासाठी आला होता. चकती मापून बघायला. आणि हातात स्क्रूड्रायव्हर, समोर खाच, हाताने आपली सवय पाळली आणि पाव वळसा दिला, आणि त्या वळशात बाकी सगळं गेलं. कुणी एक एवेलिओ होता, ज्याला हे सगळं एक आठवड्यापूर्वीच कळलं होतं. त्याने रडून घेतलं होतं, सांगून टाकलं होतं, माप घेतलं होतं, कांद्याच्या वासात बसून पितळ घासलं होतं. तो शहाणा होता. तो धीराचा होता. आणि तो कुठे गेला ते एवेलिओला माहीत नव्हतं. दिवसभर त्याला वाटत होतं, बोबेरा लागली की नाही हे ठरायचंय. ते ठरून झालं होतं, आणि त्याचा पुरावा तो खिशात घेऊन फिरत होता. तो कपाटाला कपाळ टेकून रडला, मोठ्याने, लाज न बाळगता, आणि नुबिया त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“रडून घ्या,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “मग डाख देऊन चकती पक्की बसवा. माझी बस चुकली तर घरी कोण ऐकून घेणार?”

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि डाख द्यायची कांडी आणायला गेला. परत येताना तो वाटेत कुठे थांबला नाही. कशासाठी निघालो आहोत हे त्याने मोठ्याने म्हणत रस्ता कापला, आणि नुबिया मार्गिकेच्या तोंडाशी उभी राहून त्याला बघत होती. कांडी तापली. शिसं वितळलं, चकतीच्या कडेने चंदेरी रेघ धावली आणि एक वळसा पुरा करून स्वतःला येऊन मिळाली. डाख फार सुरेख उतरला. गार झाल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून दाबलं. टोक घसरलं. पुन्हा दाबलं, अंगातला सगळा जोर लावून. घसरलं. आता त्यालाही हे दार उघडता येणार नव्हतं. त्याने हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूने ती जागा चाचपली. अजून थोडी कोमट होती.

नुबियाने आपलं कुलूप लावलं. त्याने शेजारी आपलं लावलं, हिरवं बटण दाबून पाहिलं, जाडी हलली नाही. मग त्याने आपली चावी तिच्यापुढे केली. स्वतःची चावी दुसऱ्याला द्यायची नाही, हा ह्या कामातला सगळ्यात जुना नियम, आणि तो त्याने आज मोडला.

“ही पण तूच ने आत.”

तिने चावी घेतली, झग्याच्या आतल्या खिशात टाकली, वरून थोपटली. “बाहेर आले की दोघं वर जाऊ,” ती म्हणाली. “साहेबांकडे. तुमच्या तोंडाने सांगा, मी नुसती दारात उभी राहते. मग तुमच्याबरोबर बसने घरापर्यंत येते. लिहियालाही भेटते, टेबलाचे चरे बघते.”

“मी विसरलो तर?”

“मी आहे ना,” ती म्हणाली, आणि खुरपणं घेऊन झाकणातून पाय आत टाकले. खांदे गेले, जाळीची टोपी गेली. आतून खरवडण्याचा आवाज येऊ लागला आणि त्यावर तिचं गाणं, अर्धं गुणगुणलेलं. उघड्या झाकणातून चॉकलेटचा गरम, दाट वास बाहेर आला. तो एवेलिओला व्यवस्थित आला.

पत्र्यावर खुरपणं वाजलं.

“आहात का?”

“आहे,” तो म्हणाला. मग झाकणाजवळ वाकला. “नुबिया.”

“काय?”

“आज जरा लवकर लवकर विचारत जा.”

खरवडणं थांबलं. गाणंही थांबलं. मग लगेचच पत्र्यावर पुन्हा वाजलं, हलकेच, अगदी त्याच्या हाताजवळ.

“आहात का?”

“आहे.”